पंधरवड्यात थांबलेली गाडी

गणपती गेले की भाईंदरच्या केबिन रोडचा आवाज एकदम खाली येतो. मांडवाचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, त्यांना गुलाल चिकटलेला असतो, आणि परवापर्यंत ज्या साडीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती तिथला माणूस गादीवर बसून मोबाइल बघत असतो. गर्दी असते ती फक्त भाजीवाल्यांकडे. भोपळा, गवार, कारली, अळूची पानं, आमसुलं. बायका निवडून निवडून घेतात, पण घासाघीस करत नाहीत, कारण मेलेल्यांच्या जेवणावर घासाघीस बरी दिसत नाही. ऊन पडतं तेव्हा चटका बसतो आणि पाठ वळवायच्या आत सर येते. छत्री उघडावी तर घामाने जीव जातो, मिटावी तर भिजायला होतं.

याच दिवसांत माझ्या मोबाइलवर गाड्यांचे मेसेज सुरू होतात. ‘आत्ता बुक करा, दसऱ्याला घरी न्या.’ मी कधी सायकलही चालवली नाही. पण एका पावसाळ्यात माझा भाऊ गाडी शोधत होता आणि त्याने जाईल तिथे माझा नंबर देऊन ठेवला, कारण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असला की तो फोन उचलत नाही. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तेव्हापासून गाडीवाले मला विसरायला तयार नाहीत.

मला हा पितृपंधरवडा आवडत नाही. नुसता आवडत नाही असं नाही, मला त्याचा राग येतो. त्या वर्षी या पंधरवड्यात काशीमिऱ्याच्या एका यार्डात आमची गाडी ताडपत्रीखाली उभी होती. चारही चाकांना ताकद असलेली, दणकट, दादाने अख्खा पावसाळा घालवून निवडलेली. ती घेतली होती आईला डोंगरावरून सुखरूप खाली आणता यावं म्हणून. आणि पंधरवडा संपेपर्यंत ती हलवायची नाही, असं आईनेच सांगितलं होतं.

आमचं गाव महाडच्या वरच्या डोंगरात. गाव कसलं, वाडी. डांबरी रस्ता खालच्या मोरीपाशी संपतो. तिथून वर जो रस्ता काढलाय तो उन्हाळ्यात रस्ता असतो आणि पावसाळ्यात ओहोळ. लाल चिखल, त्यात वाहून आलेले धोंडे, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. अँब्युलन्स मोरीपर्यंत येते आणि तिथे भोंगा वाजवत उभी राहते. वरच्या माणसाने तिच्यापर्यंत यायचं ते डोलीत बसून. जाड बांबू, त्याला घोंगडी बांधायची, माणसाला त्यात घालायचं आणि वाडीतल्या पुरुषांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. आमच्याकडे आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाने डोली उचललेली असते.

आमचे अप्पा अशाच डोलीत गेले. छातीत कळ आली म्हणून श्रावणातल्या एका दुपारी त्यांना खाली न्यायला काढलं. पुढच्या खांद्याला दादा होता. पुढच्याला मागचं दिसत नाही. घसरड्या उतारावर पाय रोवत तो सारखा म्हणत होता, “आलंच अप्पा, आलंच, ती बघा मोरी दिसतेय.” खांदा बदलायला जांभळीखाली डोली टेकवली तेव्हा कळलं की अप्पा केव्हाचे गेले होते. दादा कुणाला मोरी दाखवत होता कुणास ठाऊक. त्यानंतर त्याने डोलीला हात लावला नाही. वाडीत कुणाला न्यायचं असलं की तो खाली मोरीवर जाऊन उभा राहायचा, आणि लोकही त्याला काही बोलायचे नाहीत.

आईला दमा. पायावर सूज यायची, पावसाळ्यात भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायची. तिने भाईंदरला यावं म्हणून आम्ही काय कमी डोकं फोडलं? एकदा आली, आठवडाभर टिकली. दादाच्या जेसल पार्कच्या घरात तिला धाप कमी लागायची, पण कुरकुर जास्त. लिफ्टमध्ये शिरताना पदर नाकाला लावायची. “खोक्यात घालून वर नेतोस मला,” दादाला म्हणायची. खिडकीत उभी राहून पाऊस बघायची आणि म्हणायची, “तुमच्याकडे पाऊस पडला की गटाराचा वास येतो रे. मातीचा कुठं ठेवलात?” आठव्या दिवशी तिने स्वतःच पिशवी भरली. तिचं घर म्हणजे ती वाडी, ती जांभूळ, अप्पांचा तुळशीजवळचा बसायचा दगड. हट्टीपणात आमच्या घरात तिच्यानंतर माझा नंबर लागतो, त्यामुळे तिचं मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त चीड यायची.

ती येत नाही म्हटल्यावर दादाने ठरवलं, आपणच गाडी घ्यायची, थेट तिच्या दारात जाणारी. आषाढात सुरुवात झाली. माझ्यासाठी स्थळ बघताना याच्या निम्मी चौकशीही कुणी केली नव्हती. दर रविवारी आम्ही दोघं वेगळ्या यार्डात. हायवेला लागून ही यार्डं आहेत, पत्र्याच्या शेडी, समोर तळं साचलेलं, त्यात विटा टाकून वाट केलेली, आणि जुन्या गाड्या धुऊनपुसून नटून उभ्या. दादा आधी गाडीखाली शिरायचा. गंज बघायचा, खालच्या लोखंडावर नखाने टकटक करायचा, रबर दाबून बघायचा. विकणारा वरून सांगत असायचा की सीट नवीन आहेत, गाणी लागतात, एसी असा गार आहे की विचारू नका. खालून दादाचा आवाज यायचा, “पुढच्या चाकांना ताकद लावून दाखवा.” बऱ्याच ठिकाणी ती ताकद जोडणारा खटका फक्त दाखवायला असायचा. ओढला तर काही व्हायचं नाही.

“कुठलीही गाडी चढते गं,” तो मला सांगायचा. “भरल्या पावसात, आत आजारी माणूस असताना, उतारावर जी धरून ठेवते ती खरी. लिफ्टचंही तेच. वर जाताना सगळे खूश असतात.” त्याचं बोलणं पटायचं. पण सगळ्याच गाड्यांत त्याला काही ना काही खोट सापडायची. एकीचा ब्रेक मऊ, एकीचा सांगाडा वेल्डिंग केलेला, एक म्हणे पुरात बुडून आलेली, तिच्या गालिच्याखाली त्याला गाळ सापडला. त्याच्या मजल्यावरचे हसमुखभाई जिन्यात भेटले की हसायचे. “अरे नंदूभाई, भाईंदर में डोंगर किधर है? छोटी गाडी लो, सीएनजी डालो, पार्किंग में भी बैठेगी.”

“भाईंदर के लिए नहीं ले रहा, हसमुखभाई,” दादा म्हणायचा. “माँ के लिए ले रहा हूँ.”

एवढ्यावर हसमुखभाईंचं समाधान व्हायचं. माझं मात्र व्हायचं नाही. श्रावण निम्मा सरला तेव्हा मी त्याला म्हटलं, “दादा, पाऊस संपल्यावर घेणार आहेस का गाडी?” तो रागावला नाही. म्हणाला, “सुलू, एकदाच घ्यायची आहे. मध्येच दगा दिला तर मला परत बघवणार नाही.” काय बघवणार नाही ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पुन्हा घाई केली नाही.

शेवटी गणपतीच्या आधी त्याला एक सापडली. इक्बालभाईंच्या यार्डात, अगदी मागे. करड्या रंगाची, चौकोनी, दिसायला भांड्यांच्या कपाटासारखी. दादा खालून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड ग्रीसने माखलेलं होतं आणि तो हसत होता. मला वाटतं अप्पा गेल्यानंतर मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. इक्बालभाईंनी चालवून बघायला दिली आणि आम्ही ती उत्तनला नेली, कारण आमच्या भागात चढउतार म्हणून काही आहे ते तिकडेच. डोंगरीचा चढ तिने सहज घेतला. मग दादाला हुक्की आली, किनाऱ्याकडे उतरणाऱ्या चिखलात ती घातली, आणि चिखल संपून वाळू कुठे लागली ते त्याला कळलं नाही. दोन चाकं रुतली. सुके मासे वाळत घालायच्या बांबूंपाशी एक म्हातारी कोळीण बसली होती. ती उठून आली, गाडीला एक चक्कर मारली.

“गाडी बरी हाय,” ती म्हणाली. “पन हितं घालायची न्हाय. हितं आमी व्हडीबी मान्सांनीच वढतो.” मग तिने हाका मारून चार जणांना बोलावलं आणि त्यांनी आम्हाला ढकलून काढलं. दादा ओशाळला, पण परत येताना आनंदातच होता. “वाळूत कशाला जायचंय आपल्याला,” म्हणाला. “चिखलात कशी चालली बघितलंस ना?”

गणपतीला आम्ही एसटीनेच गावी गेलो. गाडीच्या कागदांची काहीतरी कामं व्हायची होती. आईला फोटो दाखवला. तिने तो डोळ्याजवळ नेऊन, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, “पुढं बसेन हो मी. मागं मला मळमळतं.” एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला सांगत होती की नंदूने आईसाठी मोटार घेतली, वरपर्यंत येणारी. कागद हातात आले तोवर अनंत चतुर्दशी झाली होती आणि पंधरवडा लागला होता. दादाने तिला फोन केला, उद्या गाडी घेऊन येतो म्हणून. मी शेजारीच होते. तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“या दिवसांत नवं लोखंड दारात आणायचं नाही. बापाचं पान व्हायचंय अजून तुझ्या. घट बसू देत, दसरा होऊ दे. मग आण, झेंडू लाव, नारळ फोड. मी कुठं पळून चाललेय?”

दादा माझ्याकडे बघत होता. आम्ही दोघंही तिच्यासमोर कधी जिंकलो नव्हतो. यार्डात सांगायला गेलो तेव्हा इक्बालभाई म्हणाले, “हर साल का है ये. तुमच्या या पंधरा दिवसांत माझं यार्ड झोपलेलं असतं. फिक्र नको, ताडपत्री टाकतो.” आणि त्यांनी खरंच चांगली जाड ताडपत्री टाकली, चारही टोकं दोरीने बांधली. सगळे किती समजूतदारपणे वागले. आजही मी ते आठवते तेव्हा एकाही माणसाला दोष देता येत नाही आणि त्यामुळेच राग कुठे ठेवावा ते कळत नाही. मग तो आईवर येतो. मेलेल्या आईवर रागावणं चांगलं नाही म्हणतात. असेल. मला येतो.

अप्पांची तिथी षष्ठीची. त्या दिवशी मी सकाळीच जेसल पार्कला गेले होते. वहिनी खीर ढवळत होती, मी ओट्याशी अळूच्या पानांना बेसन लावत होते. बाहेर पावसाने झोड उठवली होती, म्हणजे गावाकडे काय असेल त्याचा अंदाज येत होता. दादा आंघोळ करून धोतर नेसत होता तेवढ्यात फोन आला. शिवरामकाकांचा. ते आमचे वाडीतले शेजारी, अप्पांच्या वयाचे. आई पहाटे भिजत परसात गेली होती, अप्पांच्या पानासाठी अळू काढायला, आणि आल्यावर तिला दम लागला तो थांबत नव्हता. काका म्हणत होते, “माणसं जमवलीत, नंदू. डोली बांधलीय. पाऊस जरा उघडला की काढतो खाली.”

दादा ओरडला. तो कधी ओरडत नाही. “डोली नको! काका, तिला डोलीत घालू नका. मी गाडी घेऊन निघतोय. आत्ता निघतोय. मी येईपर्यंत घरातच ठेवा तिला.”

वहिनीने गॅस बंद केला. माझे हात बेसनाचे होते, ते तसेच घेऊन मी खाली धावले. रिक्षात बसल्याबसल्या दादाने इक्बालभाईंना घरून बोलावून घेतलं. ते लुंगीवरच आले, ताडपत्रीच्या गाठी सुटेनात म्हणून दोऱ्या कापल्या, किल्ली दादाच्या हातात दिली आणि म्हणाले, “जा, बाकी सगळं नंतर.” ना झेंडू, ना नारळ.

त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. महामार्गाचं काम चालू होतं, ते चालूच असतं. कुठे ट्रक अडकलेला, कुठे पाणी. गाडीने मात्र कुठेही कुरकुर केली नाही. पेणच्या पुढे जिथे लहान गाड्या कडेला लागल्या होत्या तिथूनही ती पाणी कापत निघाली. दादा मध्येच म्हणाला, “बघ, म्हणत होतो ना.” दुपार कलली तेव्हा मोरी आली. तिथे त्याने खटका ओढला, गाडी जराशी दचकली आणि त्या ओहोळात शिरली. धोंड्यांवरून, चिखलातून, जांभळीवरून, एकदाही न घसरता ती आमच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्या रस्त्यावर पावसाळ्यात चाक आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

अंगणात माणसं उभी होती. गाडी बघून कुणी पुढे आलं नाही. शिवरामकाकांनी डोक्यावरची घोंगडी काढून हातात घेतली, तेव्हा दादाला कळलं. मला आधीच कळलं होतं, कारण बायका रडायच्या थांबून आमच्याकडे बघत होत्या. आई ओटीवर होती. आम्ही मोरीशी पोचायच्या थोडंच आधी गेली म्हणाले. दादा तिच्या पायाशी बसला आणि सूज आलेल्या त्या पावलांवरून हात फिरवत राहिला. मी तिच्या डोक्याशी बसले. तिच्या अंगावर निळं लुगडं होतं, गौरीला नेसलेलं, ठेवणीतलं. भिजलेली, दमलेली बाई घरात ठेवणीतलं लुगडं कशाला नेसेल? एवढ्या दुःखातही ते मला खटकलं. बाईची जात, लक्ष जायचं तिथे जातंच.

पाणी आणायला मागच्या दारी गेले तेव्हा शिवरामकाका पाठोपाठ आले. त्यांनी मला सांगितलं ते असं. फोन केला तेव्हा आई डोलीत बसलेली होती. कुणी उचलून घातली नव्हती, आपल्या पायांनी अंगणात येऊन बसली होती. घोंगडी पायांवर ओढून घेऊन म्हणाली होती, चला रे, आता कशाला थांबताय. मग दादाचा शब्द आला. “पोराचा शब्द, बाय. मोडायचा कसा? आणि खरं सांगू, गाडी येतेय म्हटल्यावर आमचाही जीव खाली पडला. तुझ्या बापाला नेलेलं आम्हीबी इसरलो नव्हतो.” त्यांनी आईला उठवलं. ती आधी कुरकुरली, पंधरवड्यात आणतोय का म्हणाली. मग म्हणाली, नवीन मोटारीत चिखलाच्या लुगड्याने बसू का? आत जाऊन, भिंतीला धरत धरत, तिने स्वतः लुगडं बदललं. केस विंचरले. आणि दाराशी येऊन बसली, वाट बघत. माणसं डोलीच्या गाठी सोडत होती.

“सकाळी काढली असती तर पोचली असती?” मी विचारलं.

काका म्हणाले, “पाऊस तर लगेच उघडला होता, बाय.”

मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं की दादाला यातलं काही कळता कामा नये. त्यांनी मान हलवली. ते आता नाहीत. दिला शब्द त्यांनी पाळला.

गाडी अजून आहे. जेसल पार्कच्या आवारात उभी असते, तिची सावली हसमुखभाईंच्या स्कूटरवर पडते. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की दादा ती घेऊन वाडीवर जातो, आणि कुणी आजारी असलं, कुणी अवघडलेली असली, की खाली आणून सोडतो. लोक त्याला हात जोडतात. त्याला ते सहन होत नाही, तो बॉनेट उघडून काहीतरी बघत बसतो. त्याच्या शेजारच्या, पुढच्या सीटवर तो कुणाला बसू देत नाही.

आईची आणि अप्पांची तिथी आता एकच. पंधरवड्यातल्या षष्ठीला मी बेसन लावते, वहिनी खीर करते, दोन पानं गच्चीवर ठेवतो, जेवणं होतात. मग दादा गॅलरीत येऊन उभा राहतो आणि दर वर्षी एकच विचारतो, “डोलीतून नेली असती तर वाचली असती का गं, सुलू?” मी जगाशी भांडते, रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत. इथे मात्र मी मऊ आवाजात सांगते, “नाही रे दादा. तिला जागचं हलवतसुद्धा नव्हतं. डोलीत घातली असती तर अप्पांसारखीच वाटेत गेली असती.” तो मान हलवतो आणि तेवढ्यावर त्याचं वर्ष निघतं. मला वाटतं त्या वाक्याच्या आधारावरच तो झोपतो, कामावर जातो, ती गाडी चालवतो.

यंदाही त्याने विचारलं. मी तेच सांगितलं, तिला जागचं हलवत नव्हतं. त्याने नेहमीसारखी मान हलवली. खाली आवारात सर येऊन गेली होती आणि तो गाडीच्या ओल्या टपाकडे बघत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मग तिचं लुगडं कोणी बदललं?”

इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं.